चार सिलिंडरचं इंजिन खोललंय, तर क्रँक-रॉड-फ्लायव्हील बॅलन्स करायचं का, आणि कुठल्या क्रमाने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की जिप्सीचं १.३ लिटरचं एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनचं) इंजिन पूर्ण खोललंय, बोअर म्हणजे सिलिंडरचं भोक ०.५० मिमी ओव्हरसाइजला जातोय, नवीन पिस्टन हातात आलेत, क्रँक (पिस्टनचं वर-खाली जाणं गोल फिरण्यात बदलणारा दांडा) ग्राइंडिंगला द्यायचाय आणि क्लच सेट पण नवा टाकणार आहात. मेकॅनिक म्हणतोय चार सिलिंडरला बॅलन्सिंग-बिलन्सिंग काही लागत नाही, कंपनीतूनच करून आलेलं असतं. आणि पुण्याजवळच्या भोसरीतला मशीनशॉपवाला म्हणतोय पिस्टन, रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारा), क्रँक, फ्लायव्हील (क्रँकच्या मागचं जड चाक) सगळं आणून टाका, पूर्ण असेंब्ली बॅलन्स करून देतो. यातलं कोणाचं ऐकायचं?

दोघांचंही अर्धं-अर्धं. मी याच धंद्यातला आहे, रोज क्रँक मशीनवर चढवतो-उतरवतो, तरी सांगतो की तुमच्या इंजिनाचं बॅलन्सिंगचं निम्मं काम मशीनवर होतच नाही, ते वजनकाट्यावर होतं आणि ते तुम्ही घरी डायनिंग टेबलवर करू शकता. मशीनकडे जायचं ते सगळ्यात शेवटी, सगळं मशीनिंग संपल्यावर, आणि तेव्हाही फक्त क्रँक, पुढची पुली, फ्लायव्हील आणि क्लच कव्हर (फ्लायव्हीलवर बोल्टने बसणारा क्लचचा भाग) घेऊन जायचं. पिस्टन-रॉड मशीनवर चढत नाहीत.

का चढत नाहीत ते आधी बघू, म्हणजे कोणी बॉबवेटचे पैसे मागितले तर तुम्हाला बोलता येईल. सरळ चार सिलिंडरमध्ये १ आणि ४ नंबरचे पिस्टन वर असतात तेव्हा २ आणि ३ खाली असतात, आणि क्रँक मधोमध कापला तर डावी बाजू म्हणजे उजवीचा आरसाच. त्यामुळे क्रँकच्या चारही पिनांवर (जिथे रॉड बसतात) सारखं वजन लटकवलं तरी ते आपापसात कटतं, फोर्सही कटतो आणि इंजिनाला पुढे-मागे डोलवणारा मोमेंटही कटतो. म्हणून हा क्रँक नुसता, रिकामा, बॅलन्स करता येतो. पिनांवर खोटी वजनं म्हणजे बॉबवेट बांधून फिरवायची गरज व्ही-६, व्ही-८ ला असते, मारुती ८०० सारख्या तीन सिलिंडरला असते, तुम्हाला नाही. ०.५० चे पिस्टन स्टँडर्डपेक्षा जड असणार, म्हणून क्रँक परत बॅलन्स करावा लागेल का असंही विचारलंय तुम्ही. फक्त त्यासाठी नाही. चारही सारखेच जड झाले तर क्रँकला त्याचं काही पडलेलं नाही. पण चारही *सारखेच* हवेत, आणि सगळी गोम तिथेच आहे.

आता आकडे, कारण "थोडंसं जड आहे, चालतंय" हे वाक्य आकड्याशिवाय मोडता येत नाही. अनबॅलन्स मोजायचं एकक ग्रॅम-मिलिमीटर, म्हणजे जादाचं वजन गुणिले केंद्रापासूनचं अंतर. क्लच कव्हरच्या कडेला, १०० मिमी रेडियसवर १० ग्रॅम जास्त असेल तर ते झालं १००० ग्रॅम-मिमी. ३००० आरपीएमला याचा फोर्स येतो साधारण १० किलो, ६००० ला ४० किलो, कारण स्पीड दुप्पट झाला की फोर्स चौपट. दहा ग्रॅम म्हणजे एखादा छोटा बोल्ट हो. आणि हा ४० किलोचा हिसका फिरत्या दिशेने, सेकंदाला १०० वेळा.

किती चालतं याचं आयएसओचं स्टँडर्ड आहे, पूर्वी १९४० नंबरचं होतं, आता २१९४०-११. त्यातला जी ६.३ ग्रेड धरला तर ६००० आरपीएमला दर किलोमागे साधारण १० ग्रॅम-मिमी. म्हणजे क्रँक १० किलोचा धरा, तर एकूण १००, दोन टोकांना पन्नास-पन्नास. आता हा हिशोब बघा. तुम्ही पैसे मोजून मशीनवर क्रँक १०० च्या आत आणला आणि नंतर त्याच्यावर एक असा रॉड लावला ज्याचं मोठं टोक बाकी तिघांपेक्षा ८ ग्रॅम जड आहे. तुमचा स्ट्रोक ७५.५, म्हणजे थ्रो (क्रँकच्या केंद्रापासून पिनेचं अंतर) ३७.७५ मिमी, गुणिले ८, झाले ३०० ग्रॅम-मिमी. मशीनवाल्याने जे काढलं त्याच्या तिप्पट परत आत घातलं. आणि ८ ग्रॅमचा फरक काही फार नाही, एक रॉड वाकलेला निघाला म्हणून बुधवारी जुन्या बाजारातून दुसरा उचलून आणला की यापेक्षा जास्त फरक सहज निघतो. मशीनशॉपवाल्याला "पूर्ण असेंब्ली" करायला दिली की तो रॉड-पिस्टनची वजनं खरंच जुळवतो का नुसता क्रँक फिरवून रिपोर्ट देतो हे म्हणूनच विचारून घ्यायचं.

तर काटा. ०.१ ग्रॅमचा डिजिटल काटा घ्या, १ किलोपर्यंतचा, पुण्यात बोहरी आळीत बघा नाहीतर ऑनलाइन मागवा. किचनचा १ ग्रॅमचा पण चालला असता पण ते काटे दोन मिनिटांनी वेगळंच काहीतरी दाखवतात. पंखा बंद करा. हसू नका, पंख्याच्या वाऱ्याने शेवटचा आकडा नाचत राहतो आणि मग माणूस वैतागून "अंदाजे" लिहितो.

पिस्टन आधी, कारण ते सोपं आहे. प्रत्येक पिस्टन वेगळा, प्रत्येक गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी) वेगळी, वजन कागदावर लिहा. चांगल्या कंपनीच्या सेटमध्ये फरक थोडाच निघतो. पिन फ्लोटिंग म्हणजे मोकळी फिरणारी असेल तर जड पिस्टनला हलकी पिन अशी अदलाबदल करूनच बऱ्याचदा काम भागतं, घासायची वेळच येत नाही. प्रेसफिट म्हणजे रॉडमध्ये दाबून बसवलेली असेल तर हे सगळं पिना दाबायच्या आधी करायचं, नंतर नाही. घासायचंच असेल तर आतून, पिन बॉसच्या खाली जिथे जादा मटेरियल असतं तिथून. स्कर्टला (पिस्टनची खालची भिंत), क्राउनच्या म्हणजे माथ्याच्या खालच्या बाजूला आणि रिंग ग्रूव्हच्या मागे हात लावायचा नाही. एका ग्रॅममध्ये चारही आणा, त्याच्या खाली जाण्यात रस्त्यावरच्या गाडीला काही अर्थ नाही.

रॉडला मात्र वेळ द्या. रॉडचं नुसतं एकूण वजन जुळवून भागत नाही, कारण मोठं टोक क्रँकबरोबर गोल फिरतं आणि छोटं टोक पिस्टनबरोबर वर-खाली जातं. दोन रॉड ६०० ग्रॅमचेच असू शकतात, एकाचं वजन खाली जास्त, दुसऱ्याचं वर जास्त. म्हणून टोकं वेगळी तोलायची. यासाठी एक साधं जिग बनवायचं: एका स्टँडवर आडवी पिन, तिच्यावर छोटं बेअरिंग, त्याच्यावर रॉडचं छोटं टोक लटकवायचं. दुसरीकडे काट्यावर एक आडवी गोल पिन ठेवून तिच्यावर मोठं टोक टेकवायचं. रॉड अगदी लेव्हलला हवा, दोन्ही भोकांचे सेंटर एका उंचीला, स्पिरिट लेव्हल लावून बघा. मग काट्यावर जे दिसतं ते मोठ्या टोकाचं वजन. उलटा करून छोट्या टोकाचं घ्या. दोघांची बेरीज रॉडच्या एकूण वजनाएवढी यायला पाहिजे, आली नाही तर जिग चुकीचं आहे, रॉड नाही. प्रत्येक रॉड उचलून परत ठेवून तीनदा आकडा घ्या, तीनही वेळा अर्ध्या ग्रॅममध्ये आला तरच विश्वास ठेवा. शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) काढून, कॅप (मोठ्या टोकाचा सुटा अर्धा भाग) आपापल्या रॉडला लावून, आणि बोल्ट नवे टाकणार असाल तर नवेच लावून तोलायचं. छोट्या टोकाला बुश असेल आणि ते बदलणार असाल तर बदलून, होनिंग झाल्यावर.

मग सगळ्यात हलकं मोठं टोक कोणाचं ते बघा आणि बाकी तीन त्याला आणा, तसंच छोट्या टोकाचं. हलकं मोठं टोक दोन नंबरचं आणि हलकं छोटं टोक तीन नंबरचं असं निघेल, चालतंय. बहुतेक रॉडच्या कॅपला खाली एक जाड पॅड दिलेलं असतं ते याचसाठी, तिथून काढायचं, बोल्टच्या सीटच्या जवळपासही नाही. वर छोट्या टोकाच्या डोक्यावरून काढायचं. आणि घासल्याच्या रेषा रॉडच्या लांबीच्या दिशेने पाहिजेत, आडव्या नकोत, आडव्या रेषेतून क्रॅक सुरू होतो. शेवटी बारीक एमरीने साफ करा. टार्गेट मोठ्या टोकाला एक ग्रॅम. हे काम संध्याकाळी एका बैठकीत होतं आणि याचे पैसे कोणाला द्यावे लागत नाहीत, फक्त कंटाळा करू नका.

आता क्रँक. ग्राइंडिंगला द्यायच्या आधी डायल गेजवर सरळ आहे का बघून घ्या, पहिल्या आणि शेवटच्या मेन जर्नलवर (क्रँक ज्या गोल भागांवर इंजिनात फिरतो ते) व्ही-ब्लॉक, मधल्या जर्नलवर डायल. वाकलेला क्रँक बॅलन्स करणं म्हणजे पैसे पाण्यात. लिमिट तुमच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं ते धरा. ग्राइंडिंगने चारही पिनांवरून सारखं मटेरियल गेलं तर बॅलन्सला फार फरक पडत नाही, पण एक पिन खराब म्हणून वेल्डिंगने भरून घेतली असेल तर पडतो. म्हणून क्रम असा: सरळ करणं, ग्राइंडिंग, ऑइल होलच्या कडा मारणं, पॉलिश, फ्लायव्हीलचा फेस मारणं, रिंग गिअर (फ्लायव्हीलवरची स्टार्टरच्या दातांची कडी) बदलायची असेल तर बदलणं, आणि हे सगळं झाल्यावर बॅलन्सिंग. बॅलन्स केल्यानंतर कुणी फ्लायव्हील लेथवर चढवलं तर केलेलं सगळं रद्द.

फ्लायव्हीलबद्दल जरा जास्त सांगतो कारण नव्वद टक्के लोकांचं लक्ष क्रँकवर असतं आणि घोळ इथे झालेला असतो. फेस मारताना फ्लायव्हीलच्या मागच्या बाजूला कचरा राहिला, किंवा चकमध्ये जरासं तिरपं धरलं, तर फेस दिसायला गुळगुळीत येतो पण जाडी एका बाजूला कमी, समोर जास्त. समजा समोरासमोर ०.३ मिमीचा फरक पडला. डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही. तुमच्या साइजच्या क्लच फेसला त्याचा हिशोब मांडला तर साधारण ८०० ग्रॅम-मिमी येतो. क्रँकची अख्खी लिमिट १०० होती बरं का. एक जीप अशीच आमच्याकडे आली होती, बाहेर कुठेतरी इंजिन झालेलं, काम स्वच्छ होतं, पण २८०० च्या वर गिअर लिव्हर नुसता झिणझिण्या मारायचा. इंजिन मालकाने परत खोलायला काढलं होतं. आधी गिअरबॉक्स उतरवून फ्लायव्हीलची जाडी मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजली आणि तिथेच सापडलं. इंजिन उघडावंच लागलं नाही.

दुसरं, डॉवेल. क्लच कव्हर फ्लायव्हीलवर मधोमध बसवायचं काम डॉवेल पिना करतात, बोल्ट नाही. जुन्या गाडीत एखादी पिन हरवलेली असते आणि मेकॅनिक म्हणतो बोल्टने घट्ट होतंय की. होतं, पण कव्हर ३ किलोचं धरलं आणि ०.१ मिमी बाजूला बसलं तर ३०० ग्रॅम-मिमी झाले, कव्हर स्वतः कितीही परफेक्ट बॅलन्स असो. बोल्टच्या भोकात ०.१ पेक्षा जास्त ढिलाई असतेच. डॉवेल नसतील तर मशीनवर न्यायच्या आधी टाकून घ्या, नाहीतर तिथे बॅलन्स केलेलं कव्हर घरी परत बसवताना वेगळ्या जागी बसणार.

मशीनवर काय होतं ते उभं राहून बघा, चांगला शॉपवाला बघू देतो. क्रँक दोन टोकांच्या मेन जर्नलवर रोलरवर ठेवतात, मध्ये पट्टा लावून पाचशे-सातशे आरपीएमला फिरवतात. लोक विचारतात इंजिन ६००० ला फिरतं मग इथे एवढंच का. क्रँक हा कडक तुकडा आहे, त्याचं जादा वजन कुठल्याही स्पीडला तेवढंच आणि तिथेच असतं, फक्त फोर्स बदलतो, आणि सेन्सरला एवढा फोर्स पुरतो. स्क्रीनवर दोन आकडे आणि दोन कोन येतात, डावीकडे एवढे ग्रॅम अमुक अंशावर, उजवीकडे एवढे. ऑपरेटर खडूने खूण करतो, काउंटरवेटला (क्रँकवरच्या समतोलाच्या वजनाला) ड्रिल मारतो, परत फिरवतो. १० मिमी ड्रिल १० मिमी खोल गेलं की स्टीलमध्ये साधारण ६ ग्रॅम जातात, तर चांगला ऑपरेटर पहिल्याच भोकात बराचसा आकडा खाली आणतो. दोन बाजूंचे आकडे पाहिजेत याचा आग्रह धरा. नुसतं सुरीच्या धारेवर ठेवून जड बाजू खाली येते का बघणं हे सुट्या फ्लायव्हीलला एक वेळ ठीक, पण लांब क्रँकला नाही. पुढे डावीकडे १० ग्रॅम आणि मागे उजवीकडे १० ग्रॅम जादा असेल तर तो धारेवर शांत बसून राहील आणि फिरवला की डोलेल.

पायऱ्यांनी करायला सांगा. आधी नुसता क्रँक. मग पुढची पुली चावी आणि बोल्टसकट. मग फ्लायव्हील, मग क्लच कव्हर. प्रत्येक पायरीला जो भाग नवीन लावला त्याच्यातूनच मटेरियल काढायचं, क्रँकला परत हात नाही. असं केलं की तीन वर्षांनी क्लच कव्हर बदललं तरी खालचं सगळं शाबूत राहतं. सगळं एकत्र लावून क्रँकमधूनच मारून टाकलं तर आज रिपोर्ट छान येतो, पण कव्हर बदललं त्या दिवशी बोंब. क्लच प्लेट लावू नका, ती काही बोल्टने बसत नाही, क्लच दाबून सोडला की प्रत्येक वेळी वेगळ्या कोनात धरली जाते. उतरवताना क्रँक-फ्लायव्हील आणि फ्लायव्हील-कव्हर अशा सेंटर पंचाच्या खुणा मारून घ्या. घरी आल्यावर क्रँकच्या ऑइल गॅलरी लांब ब्रशने आणि हवेने धुवा, मशीनशॉपने धुतलंय असं सांगितलं तरी धुवा. ड्रिलचा एक बर्र आत राहिला तर नवीन शेलची वाट लागते.

आता एक गोष्ट जी कोणी ग्राहकाला सांगत नाही. हे सगळं अगदी शून्यावर आणलं तरी चार सिलिंडर हलणार. रॉड तिरपा होतो त्यामुळे पिस्टन वरच्या अर्ध्या फेरीत खालच्यापेक्षा जास्त जोरात धावतो, आणि हा फरक चारही सिलिंडरमध्ये एकाच वेळी एकाच दिशेला येतो, कटत नाही. इंजिनाच्या दुप्पट स्पीडने वर-खाली. प्रत्येक सिलिंडरचं वर-खाली जाणारं वजन ४०० ग्रॅम धरलं तर ५००० आरपीएमला हा फोर्स साधारण ५०० किलोच्या घरात जातो. तो क्रँकला भोक मारून जात नाही, त्याला दुप्पट स्पीडने फिरणाऱ्या दोन बॅलन्स शाफ्ट लागतात, त्या तुमच्या इंजिनात नाहीत. मग तुम्ही म्हणाल ५०० समोर आपले वीस-तीस किलो कशाला बघत बसायचे. कारण तो ५०० किलोवाला कंपनीला माहीत होता, माउंटिंग त्याच्यासाठी निवडलेत, आणि तो इंजिनाच्या मधून सरळ वर-खाली जातो. क्लचकडचा अनबॅलन्स मात्र मागच्या टोकाला गोल फिरतो आणि इंजिन-गिअरबॉक्स सगळ्या दिशांना हलवतो, तोच तुम्हाला गिअर लिव्हरमध्ये आणि सीटखाली कळतो.

तुमच्या प्रश्नात शेवटी बुलेटचं पण विचारलंय, की तिलाही हेच लागू का, तर तिथे गणित वेगळं. एका सिलिंडरला कटायला कोणी जोडीदारच नाही, त्यामुळे वर-खाली जाणाऱ्या वजनाचा काही हिस्सा काउंटरवेटने उचलायचा आणि बाकीचा सहन करायचा, तिथे पिस्टनचं वजन बदललं की खरंच फरक पडतो. नव्या जे-सिरीजच्या ३५० ला बॅलन्सर शाफ्ट आहे म्हणून ती एवढी शांत वाटते. जुनीला हात लावायचा असेल तर वेगळं विचारा.

इंजिन बसल्यावर थरथर राहिलीच तर लगेच बॅलन्सिंगवाल्याला शिव्या घालू नका. उभ्या गाडीत न्यूट्रलला हळूहळू ३००० पर्यंत न्या. तिथे थरथर येत असेल तर इंजिनाची, फक्त रस्त्यावर येत असेल तर प्रॉपेलर शाफ्ट, टायर, जॉइंट बघा. क्लच दाबल्यावर बदलली तर क्लच प्लेट किंवा इनपुट शाफ्टकडे संशय. आयडलला ढकलल्यासारखं होतंय आणि स्पीड वाढवला की जातंय, ते बॅलन्स नाही, एखादं सिलिंडर नीट जळत नाहीये, कॉम्प्रेशन आणि इंजेक्टर बघा. मोबाइलमध्ये व्हायब्रेशन मोजायचं अ‍ॅप टाकून फोन सीटच्या लोखंडाला पट्टीने बांधला तर बराच अंदाज येतो: ९०० आयडलला १५ हर्ट्झवर (सेकंदाला १५ वेळा) ग्राफचा शेंडा असेल तर फिरणारा अनबॅलन्स, ३० वर असेल तर तो वर सांगितलेला नैसर्गिक, ७.५ वर असेल तर मिसफायर. आणि माउंटिंगचे रबर. दगड झालेले जुने रबर ठेवून नवीन इंजिन बसवतात आणि मग म्हणतात इंजिन हलतंय.

रिपोर्ट कागदावर मागा, आधीचा आणि नंतरचा आकडा, दोन्ही बाजूंचा, ग्रॅम-मिमीमध्ये. नुसतं "ओके" लिहिलेला कागद घेऊ नका. गुरुवारी भोसरीला चक्कर मारू नका, एमआयडीसीला सुट्टी असते. आणि जायच्या आधी चारही रॉडची मोठं टोक-छोटं टोक वेगळी वजनं आणि फ्लायव्हीलची चार ठिकाणची जाडी मला लिहून पाठवा, त्यावरून सांगतो कुठून किती काढायचं.